गणित अवघड राहू द्या, बाकीचे सोपे करा

विज्ञान किंवा गणित घेऊन पदवीला आलेला, बेताच्या परिस्थितीतला विद्यार्थी दुसऱ्या वर्षापर्यंत तो विषय सोडून देतो, तेव्हा त्यामागचे कारण शोधण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. 'पाया कच्चा होता', 'झेपले नाही', 'मन लागले नाही' ही उत्तरे हाताशीच असतात आणि त्यांपैकी एखादे देऊन विषय मिटवला जातो. पदवीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवताना ही उत्तरे मी पुष्कळदा ऐकली आहेत आणि ती अगदीच खोटी असतात असेही नाही. त्यांच्या आधारावर जी मदत आखली जाते ती मात्र मला उफराटी वाटते. आपण या विद्यार्थ्यांसाठी गणित पातळ करतो आणि त्यांचे बाकीचे आयुष्य जितके अवघड आहे तितकेच राहू देतो. माझ्या मते विषयाची काठिण्यपातळी जशीच्या तशी ठेवून, तो विषय शिकण्यासाठी लागणारा वेळ, पैसा आणि सोबत यांची तजवीज संस्थेने केली पाहिजे.

पैशाची अडचण म्हणजे फीची अडचण, असे गृहीत धरून बहुतेक शिष्यवृत्त्या दिल्या जातात. फी हा खर्चाचा डोळ्यांना दिसणारा भाग झाला. गरीब विद्यार्थ्याकडे सर्वांत कमी असतो तो वेळ, आणि विज्ञानाच्या पदव्या वेळेच्या बाबतीत विशेष उधळ्या असतात. प्रयोगशाळेचे तास तीन-तीन तास चालतात, बहुधा दुपारी येतात आणि बदलून मिळत नाहीत. अर्धवेळ नोकरीच्या पाळ्याही नेमक्या त्याच सुमारास असतात. साहित्याचा विद्यार्थी रात्री अकरा वाजता दमूनभागून का होईना वाचू शकतो (त्याचेही हाल होतातच, ते मी कमी लेखत नाही), पण टायट्रेशनचा प्रयोग रात्री अकरा वाजता घरी बसून करता येत नाही. गणिताला प्रयोगशाळा नाही, तरी त्याचाही अभ्यास तुकड्यातुकड्यांनी होत नाही. एखादी सिद्धता पचायला लागोपाठ दीड-दोन तास लागतात. प्रवासातली वीस मिनिटे आणि दोन पाळ्यांमधली पंधरा मिनिटे यांची बेरीज करून ते दोन तास तयार होत नाहीत.

यात अलीकडे आणखी एका खर्चाची भर पडली आहे. अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचा गृहपाठ प्रकाशकाच्या ऑनलाइन प्रणालीवर सोडवावा लागतो आणि तिथे प्रवेश मिळवण्यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा कोड विकत घ्यावा लागतो. पुस्तक जुने मिळते, मित्राचे वापरता येते, ग्रंथालयातून आणता येते. कोडचे तसे नाही. ज्याच्याकडे पहिल्या आठवड्यात पैसे नसतात तो तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करतो आणि तोवर त्याच्या नावापुढे दोन शून्ये पडलेली असतात. ही शून्ये 'पैसे नव्हते' असे सांगत नाहीत. ती 'गृहपाठ करत नाही' असे सांगतात, आणि शिक्षकाचे त्या मुलाविषयीचे मत तिथेच बनते.

अशा लहान अडचणी किती मोठे नुकसान करतात, याचा हिशेब अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने मांडून पाहिला. पदवीच्या अगदी जवळ आलेले, गुणही बरे असलेले विद्यार्थी थोडक्या थकबाकीपायी वर्गातून काढले जात होते. २०११ पासून त्या विद्यापीठाने अशांची थकबाकी लहान अनुदानातून भागवायला सुरुवात केली. यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा की त्यासाठी विद्यार्थ्याने अर्ज करायचा नसतो. कोणाचे नाव कटणार आहे हे विद्यापीठ स्वतःच्या नोंदींवरून शोधते आणि आपणहून त्याच्याशी संपर्क साधते. मदतीसाठी अर्ज, उत्पन्नाचा दाखला, शिफारसपत्र आणि वर मुलाखत, अशी चढण ज्यांनी उभी केली आहे त्यांनी एकदा विचारावे की ती चढण चढण्याइतका मोकळा वेळ नेमका कोणाकडे असतो.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली तिच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी नाही, पण मदत एकत्र बांधून दिली तर काय होते हे त्यावरून कळते. उरलेली फी माफ, पुस्तके मोफत, शहरातल्या बस व रेल्वेचा पास मोफत, आणि प्रत्येक सल्लागाराकडे इतके मोजके विद्यार्थी की तो त्यांना नावाने ओळखेल. या बदल्यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे आणि सल्लागाराला नियमित भेटायचे. पूर्वतयारीचे अभ्यासक्रम करावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या पाहणीत तीन वर्षांनी या कार्यक्रमातले सुमारे ४० टक्के विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले. कार्यक्रमात नसलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. शिक्षणक्षेत्रातल्या प्रयोगांत इतका फरक क्वचितच दिसतो. प्रवासाचा पास ही शैक्षणिक बाब आहे का, असा प्रश्न समितीच्या बैठकीत हमखास येतो. वर्गात पोहोचता येणे ही शैक्षणिक बाब असेल, तर तो पासही शैक्षणिकच म्हटला पाहिजे.

विज्ञान आणि गणिताच्या पदव्यांत ही मदत वेळेवर मिळण्याला अधिक महत्त्व आहे, कारण त्यांचे विषय एकमेकांत अडकलेले असतात. पहिला कॅल्क्युलस झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, दुसरा झाल्याशिवाय पुढची डिफरन्शियल इक्वेशन्स मिळत नाहीत, भौतिकशास्त्राचे यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व कॅल्क्युलसच्या खांद्यावर उभे असतात, आणि वरच्या वर्गाचे कित्येक अभ्यासक्रम वर्षातून एकाच सत्रात शिकवले जातात. त्यामुळे पहिल्या सत्रात एक विषय राहिला की एक सत्र नव्हे तर एक अख्खे वर्ष मागे पडते. आर्थिक मदतीला मात्र मुदत असते. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारे पेल अनुदान २०१२ पासून आयुष्यभरात जास्तीत जास्त बारा पूर्णवेळ सत्रांपुरते मिळते, आणि बऱ्याच शिष्यवृत्त्या एका सत्रात गुण घसरले की थांबतात. म्हणजे ज्या सत्रात विद्यार्थ्याला आधाराची सर्वांत जास्त गरज असते त्याच सत्रानंतर आधार काढून घेण्याची सोय नियमातच करून ठेवलेली असते. निदान पहिल्या वर्षापुरता तरी हा नियम शिथिल असावा, आणि नापास झालेला एक विषय पुन्हा करण्याचा खर्च शिष्यवृत्तीतच धरलेला असावा, असे मला वाटते. खात्यापित्या घरातल्या मुलाला ही दुसरी संधी त्याचे पालक देतातच. तिला कोणी सवलत म्हणत नाही.

आता वर्गाच्या आत येऊ, कारण 'पाया कच्चा' या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते तथ्य नेमके कुठे आहे हे पाहायला हवे. पहिल्या महिन्यात मी व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फलन किती वेगाने बदलते ते, काढायला लावतो. १/क्ष या फलनासाठी विद्यार्थ्याला १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा करायचे, त्या फरकाला ह ने भागायचे आणि ह शून्याकडे गेल्यावर काय उरते ते पाहायचे. ही कल्पना कठीण आहे, शेकडो वर्षे थोर गणितज्ञांना छळलेली आहे, आणि तरीही वर्गातल्या बहुतेकांना ती समजते. ते 'ह अगदी लहान झाला की' असे म्हणत योग्य आकृती काढतात, छेदिका कलत कलत स्पर्शिका कशी होते ते बोटाने दाखवतात. मग उत्तरपत्रिकेत १/(क्ष+ह) च्या जागी १/क्ष + १/ह असे लिहितात आणि गाडी रुळावरून घसरते. चूक सीमा (ह शून्याकडे नेणे) या संकल्पनेत नाही; ती शाळेतल्या अपूर्णांकात आहे. शिक्षक तपासताना लाल रेघ ओढतो ती मात्र डेरिव्हेटिव्हवर, आणि विद्यार्थी समजतो की आपल्याला कॅल्क्युलस येत नाही.

यावर दोन प्रकारे उपाय करता येतो. एक म्हणजे त्या विद्यार्थ्याला वर्षभरासाठी पूर्वतयारीच्या वर्गात पाठवायचे, जिथे तो अपूर्णांकांची बेरीज सुरुवातीपासून पुन्हा करील. दुसरा असा की त्याला तिथल्या तिथे सांगायचे, क्ष च्या जागी १ घे आणि ह च्या जागीही १ घे. डावीकडे अर्धा येतो, उजवीकडे दोन येतात, तेव्हा हे दोन समान कसे असतील? एवढे केले की तो स्वतःच थबकतो. मग समान छेद कसा घ्यायचा याची उजळणी त्याच उदाहरणाच्या पोटात होते आणि शेवटी अंशातला ह छेदातल्या ह शी कटतो तेव्हा ती उजळणी कशासाठी होती हेही कळते. पहिला मार्ग वर्ष खातो आणि 'तू अजून इथे बसण्याच्या लायकीचा नाहीस' असे रोज ऐकवतो. पूर्वतयारीच्या वर्गांतून निघून मूळ विषयापर्यंत फारच थोडे पोहोचतात, हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांतली ही सक्ती बरीच कमी केली. नियमित अभ्यासक्रम आणि त्याला लागूनच आठवड्यातले एक-दोन जादा तास, ही रचना मला अधिक न्याय्य वाटते. अट एवढीच की ते जादा तास वेळापत्रकात बसवलेले असावेत, संध्याकाळी 'जमेल त्यांनी यावे' अशा थाटाचे नसावेत.

काठिण्यपातळी न उतरवता मदत कशी करायची, याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे गणितशिक्षक युरी ट्राइसमन यांचे बर्कली येथील काम. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात कॅल्क्युलस शिकवण्याशी संबंधित असताना त्यांच्या लक्षात आले की कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येने अडखळतात, आणि त्यांत शाळेत चमकलेलेही आहेत. सहकाऱ्यांना कारणे विचारली तर प्रेरणेचा अभाव, कच्ची तयारी, घरून पाठिंबा नसणे, गरिबी अशी अपेक्षित उत्तरे मिळाली. ट्राइसमन यांनी तर्क करण्याऐवजी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास ते कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट करत होते, सांगितलेले तास भरत होते, पण एकटेच. चिनी वंशाचे विद्यार्थी एकटे अभ्यास करून झाल्यावर एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, कोण कुठे अडला हे त्यांना कळत असे आणि सगळेच अडले तर दोष आपल्या बुद्धीचा नसून उदाहरणच कठीण आहे हेही कळत असे.

यातून १९७८ च्या सुमारास ज्या कार्यशाळा सुरू झाल्या त्यांचे वैशिष्ट्य असे की त्या 'कमकुवत विद्यार्थ्यांसाठी' नव्हत्या. त्यांची जाहिरात हुशारांसाठीचा खास उपक्रम अशी होती आणि तिथे दिली जाणारी उदाहरणे नेहमीच्या वर्गातल्यांपेक्षा अवघड असत. विद्यार्थी लहान गटांत ती सोडवत, शिक्षक फिरत राहत आणि उत्तर सांगण्याची घाई करत नसत. सहभागी विद्यार्थ्यांचे नापास होण्याचे प्रमाण खूप खाली आले आणि ही पद्धत पुढे अनेक विद्यापीठांनी उचलली. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी संकुलात फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी १९८८ मध्ये मायरहॉफ दांपत्याच्या देणगीतून सुरू केलेल्या शिष्यवृत्तीचाही कणा हाच आहे: पहिल्या वर्षाआधीचे उन्हाळी सत्र, सक्तीचा गटअभ्यास, लवकर संशोधनात प्रवेश, आणि लक्ष्य म्हणाल तर केवळ टिकून राहणे नव्हे, पीएचडीपर्यंत जाणे. हे दोन्ही उपक्रम वंशाच्या प्रश्नातून जन्मले, गरिबीच्या नव्हे, आणि ते जसेच्या तसे उचलून कुठेही बसवता येतील असे मी म्हणत नाही. तरी एकटेपणाचा मुद्दा गरीब विद्यार्थ्याला तंतोतंत लागू पडतो, कारण वर्ग सुटताच तो कामावर पळतो आणि मित्रांचा कट्टा जमतो तेव्हा तो तिथे नसतो. म्हणून गटाचा अभ्यास वर्गाच्या वेळेतच झाला पाहिजे.

वर्गाच्या वेळेचा प्रश्न निघाला की व्याख्यानाचाही निघतो. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासून एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला: निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होतात, तर विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला, सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. २०२० मध्ये याच धर्तीच्या दुसऱ्या विश्लेषणात असे आढळले की अशा वर्गांत अल्पसंख्य गटांतल्या व कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची इतरांशी असलेली गुणांची दरी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. त्याही आधी, १९९७ मध्ये इलेन सीमोर आणि नॅन्सी ह्यूइट यांनी विज्ञान सोडलेल्या आणि न सोडलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींवरून दाखवले होते की या दोन गटांच्या कुवतीत फारसा फरक नव्हता. शिकवणे वाईट असल्याची तक्रार सोडून गेलेल्यांत नव्वद टक्क्यांहून अधिकांनी केली होती, पण टिकलेल्यांतही जवळपास तीन चतुर्थांशांनी केली होती. टिकलेले विद्यार्थी चांगले शिकवले म्हणून टिकले नव्हते. वाईट शिकवण्याची भरपाई करण्याची ऐपत कोणाकडे होती, शिकवणी लावण्याइतके पैसे, मोठे भावंड, रिकामी संध्याकाळ, हा प्रश्न यापुढे मनात येतो आणि मला तो अस्वस्थ करतो.

काही गोष्टी तर अगदी फुकटात होण्याजोग्या आहेत. शिक्षक आपल्या खोलीत शंका विचारण्यासाठी वेळ राखून ठेवतात. ज्यांच्या घरात आधी कोणी पदवीधर नाही त्यांना ती वेळ खोड्या केलेल्यांना बोलावण्याची वाटते, किंवा तिथे जाणे म्हणजे सरांना त्रास देणे वाटते. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाने एकदा येऊन दहा मिनिटे बसणे हाच एक छोटा गृहपाठ ठेवला की ही भीती जाते. पहिली चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, अगदी थोड्या गुणांची घ्यावी, म्हणजे घसरण सावरण्याजोगी असतानाच दिसते. मदतीचा उपयोग असेपर्यंत ती पोहोचवायची तर शिक्षकाला इतके आधी कळायलाच हवे.

याहून मोठी गोष्ट म्हणजे नोकरीची वेळ आणि शिकण्याची वेळ यांतले भांडण मिटवणे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर संकुलात सुरू झालेल्या 'लर्निंग असिस्टंट' पद्धतीत आधीच्या वर्षी तो विषय केलेल्या विद्यार्थ्यांना पगार देऊन खालच्या वर्गातल्या गटांना साहाय्य करायला नेमतात. त्याच तासांत इतरत्र केलेले काम फक्त पैसे देते. इथे काम करणाऱ्याचा स्वतःचा विषयही पक्का होतो, आणि खालच्या वर्गातल्यांना आपल्यातलाच कोणी तरी पुढे गेलेला दिसतो. संशोधनाच्या संधींनाही हाच न्याय लावला पाहिजे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी संशोधन योजनेत पदवीच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते ते योग्यच आहे. बिनपगारी 'अनुभव' देणारी प्रयोगशाळा, तिच्या प्रमुखाचा हेतू कितीही चांगला असला तरी, उन्हाळ्यात कमावण्याची गरज नसलेल्यांनाच आत घेते आणि पुढे शिफारसपत्रेही त्यांनाच देते.

हे सगळे करणार कोण, हा प्रश्न उरतो आणि तो रुक्ष आहे. नॅशनल सायन्स फाउंडेशनची 'एस-स्टेम' ही योजना गुणी पण कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना या विषयांत शिष्यवृत्ती देते. तिचा निधी परदेशी कुशल कामगारांच्या एच-१बी व्हिसाच्या शुल्कातून येतो, ही त्यातली एक गमतीशीर बाब. तिथे निव्वळ पैसे वाटण्याचा प्रस्ताव चालत नाही, विद्यार्थ्यांना गट म्हणून सांभाळण्याची आणि प्राध्यापकांनी मार्गदर्शन करण्याची योजना मांडावी लागते. पण अनुदानाला मुदत असते. ते संपल्यावर उपक्रम सहसा एखाद्या उत्साही शिक्षकाच्या खांद्यावर येतो, त्याच्या अध्यापनाच्या तासांत त्याची गणना होत नाही, बढतीच्या वेळी कोणी विचारत नाही, आणि तो थकला किंवा निवृत्त झाला की उपक्रमही थांबतो. गटअभ्यासाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजणे ही त्यामुळे पहिली प्रशासकीय सुधारणा ठरते.

दुसरी सुधारणा मोजमापाची आहे. आज बहुतेक अहवाल किती विद्यार्थ्यांना रक्कम दिली आणि त्यांतले किती पहिल्या विषयात उत्तीर्ण झाले एवढेच सांगतात. पहिल्या विषयातले उत्तीर्ण सोपी प्रश्नपत्रिका काढूनही वाढवता येतात. त्याऐवजी पहिला कॅल्क्युलस केलेल्यांपैकी किती जणांनी दुसऱ्याला नाव घातले, तो दुसऱ्या एखाद्या शिक्षकाकडे शिकून किती जणांनी पूर्ण केला, आणि हे आकडे नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या विद्यार्थ्यांत किती वेगळे आहेत, हे दरवर्षी विभागाच्या बैठकीत ठेवले जावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे परीक्षा विभागाच्या नोंदींत आधीपासूनच पडून आहेत; तिसऱ्यासाठी प्रवेशअर्जात आठवड्याला किती तास काम करता, असा एक रकाना वाढवावा लागेल.